सूर्यनारायणाचं पाकीट

माझ्या साडभाऊंइतक्या पाट्या वाचणारा आणि त्यातलं काहीही न पाळणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. अकोल्याला राहतात, चित्रकार आहेत, आणि खरी चित्रकला एसटी स्टँडच्या भिंतीवर, रसवंतीच्या फळ्यावर नि फवारणीच्या औषधाच्या डब्यावर असते असं त्यांचं ठाम मत. अकोटच्या रस्त्यावर वळणाचा बाण आवडला म्हणून त्यांनी ऐन वळणावर स्कूटर उभी केली. मागचा ट्रॅक्टरवाला खेकसला, तर त्यालाच म्हणाले, "बाणाची शेपटी पाह्य ना भाऊ, काय वजन आहे तिले." डब्यावरच्या कवटीचं सहा फुटी चित्र त्यांनी अमरावतीला आमच्या वास्तुशांतीला भेट दिलं. बहिणीच्या नवऱ्याचं म्हणून बायकोने ते पाहुण्यांच्या खोलीत लावलं. तेव्हापासून आमच्याकडे कोणी मुक्कामाला राहत नाही.

अकोटला एकट्या राहणाऱ्या आमच्या सासूबाईंना वाचता येत नसे. मेडिकलवाला त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने खूण करून देई. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री. त्या खुणांवर साडभाऊंचा फार जीव. सासूबाई एकदा दवाखान्यातून घरी आल्या, बीपीच्या गोळ्या बदलल्या, एकही चुकता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं. "पाकिटं मी करतो," साडभाऊ म्हणाले. सूर्याला त्यांनी डोळे काढले, मिशा काढल्या, पुढे सात घोडे जुंपले आणि खाली झोकात सही केली. पाकिटांची तोंडं चिकटवून ती सासूबाईंच्या हाती दिली.

आठवड्याने आम्ही दोघे गेलो तर सासूबाई चक्कर येऊन खाटेवर पडलेल्या, आणि पाकिटं देव्हाऱ्यात, हळदकुंकू वाहिलेली. एकही उघडलेलं नाही.

"सूर्यनारायणाले कशी फाडू मी, जवाईबुवा?"

एरवी मी साडभाऊंना आठवडाभर छळलं असतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी आधी रिक्षा बोलावली. सासूबाईंना डॉक्टरांना दाखवून आणल्यावर साडभाऊ कोरं पाकीट घेऊन बसले. हात सारखा सूर्याला मिशा काढायला वळे. चौथ्या पाकिटावर कसाबसा नुसता गोल आणि चार रेघा जमल्या. सही केली नाही.

पुढच्या खेपेला सासूबाई चांगल्या हिंडत्याफिरत्या होत्या. "आता बराबर समजते मले," त्या म्हणाल्या. "मेडिकलवाल्यानं काढलं वाट्टे?"

"हो, त्यानंच," साडभाऊ म्हणाले.

त्यांची चित्रं नंतर मोठ्या प्रदर्शनांत लागली, कौतुकही झालं, पण त्या दिवसाइतके खूश झालेले ते मला पुन्हा दिसले नाहीत. दर महिन्याला अकोल्याहून येऊन ते पाकिटं करत राहिले. सासूबाई वारेपर्यंत मेडिकलवाल्यालाच आशीर्वाद देत होत्या, आणि साडभाऊंनी आम्हाला कधी खरं सांगू दिलं नाही.