छातीवरचा पट्टा

आर्नुल्फो ओसोरिओला आयुष्यात एकच गोष्ट धड जमली: मानिसालेसच्या डोंगरात गांडुळं धुऊन, शीळ घालून तोरोरोई पक्ष्याला चाऱ्यासाठी झुडपाबाहेर काढणं. लग्न, कॉफीचा मळा, ट्रक, सगळीकडे आपण कसे तोंडावर आपटलो ते तो स्वतःच रंगवून सांगे.

तोरोरोई म्हणजे दोन काड्यांवर उभं केलेलं अंडं. इथल्याच्या छातीवर तपकिरी पट्टा. पलीकडच्या डोंगररांगेतल्या, उर्राओ गावच्या तोरोरोईची छाती नुसती राखाडी. दोघेही संपत चाललेले, पण उर्राओचा जास्तच. आणि मार्चपासून आर्नुल्फोच्या लाडक्या, पांचिता नावाच्या तोरोरोईच्या छातीवर पट्टाच नव्हता!

धाकटी बहीण ओलिव्हा आपल्या नावावरचं, पांचिता राहते ते रान अवोकाडोवाल्यांना विकायला निघाली होती. पण उर्राओचा पक्षी इथे निघाला, तर रानाला हात लावायची कोणाची छाती होती? आर्नुल्फोनं गावभर बढाया मारल्या आणि पाखराची खात्री करून तसं लिहून द्यायला उर्राओहून नोहेलियाबाईंना बोलावून घेतलं. त्या तिथल्या तोरोरोईंना चारा घालायच्या.

सकाळी त्यानं शीळ घातली. पांचिता टुणटुणत आली.

"बघा बाई, कशी स्वच्छ छाती!"

"आर्नुल्फोभाऊ, पट्टा तर चांगला बोटभर आहे. डोळे कधी तपासलेत?"

त्यानं बहिणीकडे पाहिलं. ओलिव्हा पुटपुटली, "मलाही दिसतो, दादा."

"मग इतके महिने तोंड शिवलं होतंस?"

"वहिनी सोडून गेल्यापासून पहिल्यांदाच तू असा खुशीत होतास रे."

नोहेलियाबाईंना वाईट वाटलं. "शंका आहे, असं लिहून देऊ का?"

"शंका पाखराची नाही बाई, माझ्या बुबुळांची आहे," आर्नुल्फो म्हणाला आणि पोट धरून हसला. मग हसू थांबलं. आपण मूर्ख ठरलो आणि आता रानही जाणार, या विचारानं त्याला रडू येत होतं. "विक, ओलिव्हा. तेवढी उरलेली गांडुळं टाक. माझ्याकडून चुकून बुटावर पडतील."

ओलिव्हानं उकिडवं बसून एक टाकलं. पांचितानं तिच्या गमबुटाशी येऊन ते उचललं, पण गिळलं नाही. चोचीत धरून झाडीत पळाली.

"खाल्लं का नाही?"

"पिल्लं असतील," आर्नुल्फो म्हणाला.

"रान तोडलं तर कुठे जातील?"

"कुठे जाणार? त्यांना लांब उडता कुठे येतंय!"

ओलिव्हानं गांडुळांचा डबा काखोटीला मारला.

"अवोकाडोवाल्यांना मी नाही म्हणून सांगते. उद्या गांडुळंही मीच धुते. तू मुकाट्यानं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा."