चक्राचे आरे

मुलीनं बालवाडीच्या क्रीडादिनाचा झेंडा घरी आणला. घडी उघडली तसा नव्या छपाईचा रॉकेलचा वास आला आणि माझं कामात लक्ष लागेना.

हाच वास बाबांच्या कपड्यांना यायचा, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड छापायचे. दिल्लीत देशोदेशीचे खेळ भरणार होते, त्या खेळांच्या चिन्हाचे झेंडे मिलमध्ये छापायला आले होते. मी बाबांना डबा द्यायला गेले, तर लांब टेबलावर ओल्या कापडावर रंगीत चक्रं उमटलेली. आमच्या घरी बुद्धांच्या तसबिरीखालच्या चक्राचे आरे मोजतच मी आकडे शिकले होते. हेही मी बोटानं तीनदा मोजले. चोवीस काही भरेनात.

"बाबा, हे चुकलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि छपाई थांबवली. छपाईखात्याचा मास्टर ओरडत आला, "ये देश का झंडा थोडी है? दिल्ली से ऐसाही आया है." दुसऱ्या दिवशी बाबांना धुलाईखात्यात टाकलं. तिथल्या पाण्यानं त्यांच्या हातांची सालं निघायची.

खेळांच्या त्या चिन्हात अशोकचक्र मुद्दाम उलगडत, फिरतं काढलं होतं. देश चालता आहे, असा त्याचा अर्थ. मला हे फार उशिरा कळलं, आणि कळूनही मी गप्पच राहिले.

आज झेंड्याची घडी चारदा घातली, चारदा मोडली. शेवटी बाबांजवळ जाऊन बसले. म्हटलं, चिन्ह बरोबर होतं, चूक माझीच होती.

"मले तवाच वाटलं होतं," बाबा म्हणाले.

"मग काम का थांबवलंत?"

"तू मोजलं होतं ना बाई."