पावरीवाल्याने वाढवलेली चाल

सकाळी आमच्याबरोबर फिरायला येणाऱ्या मंडळींनी नाशिकभर पसरवले आहे की, हरसूलपलीकडच्या खोऱ्यात त्या पावरीवाल्याने माझे वय पाहून नाचाची चाल संथ केली. हे साफ खोटे आहे.

मार्गशीर्षातल्या थंडीत तिथल्या आदिवासी पाड्यावर डोंगऱ्यादेवाचा उत्सव होता. ऊन उतरताच अंगणात नाचाचे रिंगण धरले गेले. मधोमध माझ्याच वयाचा तो वादक भोपळ्याची लांब पावरी छातीशी धरून, गाल फुगवून फुंकत होता. श्वास घेताना तो डोळे मिटून एक टाच उचलत असे. आमची मंडळी मोबाइल सरसावून कडेला उभी राहिली. मी चपला काढल्या आणि रिंगणात शिरलो.

पावरीवरून ओठ काढून त्याने विचारले, "बाबा, हळू वाजवू का?"

"माझ्यासाठी नको. तुम्ही थकला असाल तर वाजवा."

तो हसला. "मंग पाय सांभाळ. मी थांबायचा नाय."

आणि त्याने चाल वाढवली. कित्येक वर्षांनी कोणीतरी माझी कीव न करता मला आव्हान दिले होते. गुडघे कुरकुरत होते, पण मला पंख फुटल्यासारखे झाले होते.

पावरी थांबली, तेव्हा आम्ही दोघे धापा टाकत एकमेकांना बिलगून उभे होतो. मंडळींच्या फोटोत तो मला सावरताना दिसतो. तो माझ्या कानाशी काय म्हणाला, ते फोटोत ऐकू येत नाही.

"बाबा, जरा धरून ठेव. माणसं बघत हायेत."