शहरात काय वाजलं, यादीत काय आलं

मागच्या हिवाळ्यात पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. माझी निवृत्ती होऊन बरीच वर्षं झाली होती. नागपूरनं कोणत्या दशकात कोणतं संगीत ऐकलं, यावर त्यांना पानभर लेख हवा होता, सोबत तक्ता. त्या तिशीतल्या आहेत. डेस्कवरच्या माझ्या शेवटच्या वर्षात त्या नव्यानं रुजू झाल्या होत्या.

"सर, दर दशकाला एक रंग देऊ," त्या म्हणाल्या. "गझलेला निळा, पॉपला पिवळा, असं. वाचणाऱ्याला एका नजरेत समजलं पाहिजे. तुमच्याकडं त्या याद्या असतीलच ना?"

याद्या होत्या. कॅसेटच्या काळात आमच्या पेपरात दर शुक्रवारी शहरात सर्वाधिक खपलेल्या दहा कॅसेटची यादी येत असे. ती मी करत असे. गुरुवारी दुपारी स्कूटरवरून चार दुकानं व्हायची: बर्डीवर दोन, इतवारीत एक, कामठी रोडवर एक. विकलेल्या प्रत्येक कॅसेटमागे दुकानदार शाळेच्या वहीत एक रेघ ओढायचा. मी रेघा मोजायचो, माझ्या वहीत उतरवायचो आणि ऑफिसात येऊन चारही दुकानांची बेरीज करायचो. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, मग दुकानंच गेली. तेव्हा यादी बंद झाली. वह्या मात्र मी घरी आणल्या होत्या. पलंगाखालच्या पेटीत त्या ओळीनं ठेवलेल्या होत्या.

लेख सोपा वाटला होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गझल सगळ्यांच्या पुढं होती. धरमपेठेत, रामदासपेठेत संध्याकाळी घराघरांतून तीच ऐकू यायची. न समजणाऱ्या उर्दू शब्दांचे अर्थ विचारणारी पत्रं आमच्याकडं येत. नव्वदच्या सुरुवातीला सिनेमाची गोड, संथ प्रेमगीतं आली आणि गझल मागं पडली. मग केबल टीव्ही आला. पंजाबी ठेक्याची आणि हिंदी पॉपची गाणी वरातीच्या बँडवाल्यांनीही शिकून घेतली. पुढच्या दशकात जुन्याच गाण्यांना नवा ठोका लावून विकलं गेलं. त्यानंतर सूफी ढंगाचं सिनेसंगीत आलं, आणि आता रॅप. आता मोजणी फोन करतो, वहीची गरज उरलेली नाही.

हे सगळं मी दोन दिवसांत लिहून काढलं. तिसऱ्या दिवशी तक्त्यासाठी नव्वदच्या दशकातल्या वह्या आठवड्यागणिक पाहायला घेतल्या, आणि माझ्याच अक्षरातला एक शब्द परत परत दिसू लागला. तो शब्द होता 'मोसमी'.

हा शब्द आमच्या डेस्कच्या नियमाचा होता. यादी सुरू झाली त्या आठवड्यात मुख्य उपसंपादकांनी सांगितलं होतं की गणपतीत आरत्या खपणार, नवरात्रात गरबा खपणार, एप्रिलमध्ये चौदा तारखेच्या जयंतीची गाणी खपणार. ती धरली तर त्या त्या महिन्यात यादीत दुसरं काही दिसणारच नाही. म्हणून अशा कॅसेटपुढं 'मोसमी' लिहायचं आणि त्या सोडून पुढं मोजायचं. नियमात गैर काही नव्हतं. दसरा झाला की गरब्याच्या रेघा थांबायच्या आणि तो शब्दही वहीतून जायचा. आरत्यांचंही तेच.

जयंतीच्या गाण्यांपुढचा शब्द जात नव्हता. जूनच्या पानावर तो होता, ऑगस्टच्या होता, जानेवारीच्याही होता. आमच्या शहरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्या घरांमध्ये ही गाणी वर्षभर लागतात. बारसं असो, लग्न असो, नव्या घरात राहायला जाणं असो, सकाळपासून दारात भोंगा लागतो आणि हीच गाणी वाजतात. हे मला ठाऊक होतं. निम्म्या शहराच्या रस्त्यांवरून मी रोज जात होतो. पण एप्रिलमध्ये ज्या कॅसेटपुढं एकदा 'मोसमी' लिहिलं, तिचा मोसम संपला का, हे मी कधी पाहिलं नाही. दर गुरुवारी मी मागच्या पानावरून शब्द पुढच्या पानावर उतरवत राहिलो.

त्यातली एक कॅसेट लाल वेष्टणाची होती. इथल्याच एका गायन पार्टीची. एका वर्षी उन्हाळा संपल्यापासून दिवाळीपर्यंत, जवळपास प्रत्येक आठवड्यात, तिच्या रेघा आम्ही पहिल्या क्रमांकावर छापलेल्या कॅसेटपेक्षा जास्त होत्या. फक्त कामठी रोडवर नाही, इतवारीतही होत्या आणि बर्डीवरही.

त्या पार्टीचा गायक त्याच वर्षी एकदा ऑफिसात आला होता. कोळशाच्या खाणीत कामाला होता, पहिली पाळी करून कन्हानहून बसनं आला होता. नखांच्या कडा काळ्या होत्या. कॅसेट त्यानं टेबलावर ठेवली.

"साहेब, आमची कॅसेट तुमच्या यादीत काहून येत नाही?"

"यादी खपावर असते," मी म्हणालो.

"म्हंजे आमची खपली नाही?"

"यादीत नाही, म्हणजे पहिल्या दहात नाही."

वही माझ्या खणात होती. मी ती उघडली नाही. त्याला नियम सांगितला असता तर पाच मिनिटं गेली असती, आणि पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. त्यानं पाणी मागितलं, प्यायला, आणि जाताना त्या आठवड्याचा यादीचा पेपर मिळेल का असं विचारलं. मी दिला.

कामठी रोडवरचं दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचं आहे. मुलगा चालवतो, पण जुने मालक दुपारी गल्ल्यामागं खुर्ची टाकून बसतात. मी वही त्यांच्यापुढं धरली आणि विचारलं, ही कॅसेट खरंच एवढी जात होती का?

"अबे, मले काय विचारून राहिला? अक्षर कोनाचं हाय?"

"माझं."

"मंग? रेघा मह्या, अक्षर तुहं. मी तं तुले एक डाव म्हटलं होतं, का गा, हे मोसमी काय लिहिते? इथं तं बाराही महिने मागते लोकं. तू म्हने, नियम हाय." ते हसले, मग हसायचे थांबले. "तो गायक तुले मालूम हाय का? त्याची दुसरी कॅसेट निघालीच नाही. रेकॉर्डिंगवाल्यानं तुमचा पेपर त्याच्यासमोर ठेवला म्हने. यात कुठी हाय तुहं नाव, दाखव."

कन्हानला गायकाचं घर शोधायला वेळ लागला नाही. खाणीतून निवृत्त झालेल्यांच्या वस्तीत चौकशी केली की सांगतात. अंगणात त्याची बायको गहू निवडत होती. तिनं आत आवाज दिला, "आयकलं काजी? पेपरवाले आले हायेत." तो बाहेर आला. केस पूर्ण पांढरे झाले होते, अंगानं मात्र तसाच होता. मला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितलं, वही उघडली आणि जे होतं ते क्रमानं सांगितलं. नियम काय होता, शब्द कुठून आला, रेघा किती होत्या. त्या दिवशी मी जे म्हणालो ते खरं नव्हतं, हेही सांगितलं.

तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही. त्यानं चष्मा लावून पानं पाहिली, एकेक करून, बोट रेघांवरून सरकवत.

"बर्डीवर बी?" त्यानं विचारलं.

"बर्डीवरही."

"मले वाटलं, आपल्या मोहल्ल्यात तं वाजनारच. आपलेच लोकं. बाहेर कोन आयकते?" वही त्यानं मांडीवर ठेवली. "मंग मी त्याले काहून बोललो असं?"

बायकोनं सूप खाली ठेवलं. "तेच तं मी म्हनून राहिली इतक्या वर्षापासून," ती म्हणाली.

'तो' म्हणजे पार्टीचा ढोलकीवाला. दोघं एकाच गल्लीत वाढलेले. कॅसेटच्या वेळी गायकाला चाल संथ हवी होती, शब्द नीट कळावेत म्हणून. ढोलकीवाला म्हणाला, लोक उभे राहून नाचले पाहिजेत, आणि त्यानं ठेका चढा ठेवला. रेकॉर्डिंग तसंच झालं. आमच्या पेपरात नाव येईना, दुसरी कॅसेट नाकारली गेली, तेव्हा गायक तो पेपर घेऊन ढोलकीवाल्याच्या दारात गेला. साऱ्या गल्लीसमोर म्हणाला की, तुह्या ठेक्यानं माहं गानं पाडलं. त्यानंतर पार्टी कधी गायला एकत्र बसली नाही. ढोलकीवाला नंदनवनकडं राहायला गेला. एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला दोघंही गेले नाहीत.

मी म्हणालो की रविवारच्या पुरवणीत हे सगळं येईल, चुकीच्या कबुलीसकट.

"ते मंग," तो म्हणाला. "पयले त्याले दाखवा." वही मला परत देत म्हणाला, "मी बी येतो."

परत आल्यावर संध्याकाळी मी संपादकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे नव्वदच्या दशकाचा रंग बदलतो?"

"त्या वर्षाचा नक्की बदलतो. बाकीची वर्षं अजून मोजतो आहे."

"आणि आपल्याच पेपरची चूक आपणच छापायची."

"हो."

पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला. "ठीक आहे सर. अर्धं पान वाढवते. पण मोजणी पूर्ण करून द्या, अंदाजे नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी गायकाला कन्हानहून गाडीत घेतलं. त्यानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. पूल गेला, कामठी गेली. पुढं एका सिग्नलला त्यानं विचारलं, "तो दार उघडंन का?" सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढं काढली.

दार ढोलकीवाल्याच्या सुनेनं उघडलं. तो समोरच्या खोलीत दिवाणावर बसला होता. लकव्याचा झटका येऊन गेल्यामुळं डावा हात मांडीवर नुसता पडलेला होता. त्यानं गायकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग परत गायकाकडं.

"बस," तो म्हणाला. "उभा काहून हाय?"

मी कालच्याच क्रमानं सांगितलं आणि वही पुढं केली. त्यानं ती घेतली नाही.

"मले मालूम हाय," तो म्हणाला.

"काय मालूम हाय?" गायकानं विचारलं.

"हेच, आपलं गानं चाललं होतं म्हनून. मी बँडमंदी वाजवाले जाओ ना गा तवा. सदरला, इतवारीले, महालात. जिथं जाओ तिथं लोकं तेच मांगे. आपले नव्हते ते लोकं. गुजरात्याच्या वरातीत बी वाजवलं एक डाव."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

ढोलकीवाल्यानं उजव्या हातानं डावा हात उचलून नीट ठेवला.

"तू पेपर घेऊन आला होता," तो म्हणाला. "छापलेला. मी काय घेऊन येनार होतो? मी नुसतं आयकलं होतं."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली. गायकानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. तो म्हणाला, "माही चूक झाली." हे त्यानं ढोलकीवाल्याकडं न पाहता म्हटलं. मग मान वर केली आणि त्याच्याकडं पाहून परत म्हटलं.

"तुही एकट्याची नाही," ढोलकीवाला म्हणाला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. गरज नव्हती.

चहा आला. ढोलकीवाल्याला एका हातानं कप-बशी धरता येत नव्हती. सून बशीत ओतून द्यायला वाकली, तेव्हा गायकानं बशी तिच्या हातातून घेतली, फुंकर घातली आणि त्याच्या तोंडाशी धरली. ढोलकीवाला म्हणाला, "गरम हाय बे." गायकानं परत फुंकर घातली.

अकराच्या सुमारास मी उठलो. गायकाला परत कन्हानला सोडायचं ठरलं होतं. तो दिवाणाच्या कडेला सरकून बसला होता आणि जागचा हलला नाही.

"तुमी निंगा," तो मला म्हणाला. "माह्या घरी फोन करून सांगा, जेवाले वाट नोका पाहू म्हना."

मी खाली उतरून गाडीत बसलो आणि त्याच्या घरी फोन लावला. त्याची बायको लगेच बोलली, बहुतेक फोन हातातच धरून बसली होती. मी निरोप सांगितला. मग तिनं विचारलं, "दोघंबी हायेत ना तिथं?"

"आहेत," मी म्हणालो.