रिखेन्झाबाईंनी लेक दिली तेव्हा

रिखेन्झाबाई लग्न होऊन हाझेलरोडेच्या गढीवर आल्या, तेव्हा त्यांच्या माहेराहून मीही सोबत आले. त्या सोळाच्या, मी चौदाची. पुढची एकोणतीस वर्षं त्यांचे केस मीच विंचरले. तेव्हा त्यांच्याबद्दल चार खरे शब्द बोलले तर कुणी मला नावं ठेवू नयेत.

बाई कामाला वाघ होत्या. मालक बुर्खार्ड राजाच्या स्वारीबरोबर डोंगरापलीकडे गेले की गुरं, मधमाश्या, कुळांची भांडणं सगळं त्या एकट्या बघायच्या. हात सढळ, जीभ मात्र तिखट.

नदीपलीकडे क्रेनस्टाइनची गढी. तिथल्या गेर्बिर्गबाई आणि आमच्या बाई एकाच चर्चला यायच्या. मेणबत्त्यांच्या सणाला मिरवणुकीत पुढं कुणी चालायचं, यावरून एका वर्षी अडलं. गेर्बिर्गबाई दोन पावलं पुढं सरकल्या. आमच्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घाई कशाला एवढी? तुमचा आजा आमच्याकडं घोड्यांची लीद काढायचा, तेव्हा तोही असाच पुढं पुढं करायचा."

लोक हसले. मीही हसले. आजा आमच्या गढीवर चाकरीला होता हे खरं; लीद बाईंनी पदरची घातली.

महिन्याभरात आमची गिरणी जळाली. आमच्या माणसांनी त्यांचं धान्याचं कोठार पेटवलं. दोन वर्षं हेच चाललं. शेवटी नदीच्या उतारावर दोन्हीकडच्या माणसांची गाठ पडली, त्यात मालकांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि गेर्बिर्गबाईंचा थोरला टाम्मो, एकोणीस वर्षांचा पोरगा, जागीच गेला.

मग मठाच्या महंतांनी दोन्ही घरांना समोरासमोर बसवलं. ठरलं असं की, आमची ओडा त्यांच्या धाकट्या फोल्कमारला द्यायची. ओडा म्हणजे बाईंची लेक, तेव्हा सात वर्षांची. लग्न पुढं होईल, पण पोर आत्तापासून तिकडंच वाढेल, म्हणजे पुन्हा कुणी मशाल उचलणार नाही.

मालक म्हणाले, "तू नाही म्हण. मी डाव्या हातानं लढेन."

बाईंनी त्यांच्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडं बघितलं. "देऊ या," म्हणाल्या.

पोरीला सांगायचा धीर मात्र त्यांना झाला नाही. "इम्मे, तूच ने तिला. घोड्याचं पिल्लू बघायला तीन दिवस चाललोय, असं सांग."

नावेत ओडा माझ्या मांडीवर बसली. "पिल्लाचं नाव काय?" मी म्हटलं, "ढग." पलीकडं पोचल्यावर ती तबेल्याकडं धावली आणि मी मागं फिरले. नाव निम्म्या नदीत आली तेव्हा तिची हाक आली. मी नावाड्याला म्हटलं, "वल्ही जोरात मार."

नंतर अकरा वर्षं बाई तिकडं गेल्या नाहीत. दर सणाला बोलावणं यायचं. कधी डोकं दुखायचं, कधी गाय व्यायची असायची. ओडाच्या लग्नालासुद्धा मालक एकटेच गेले. बाई त्या दिवशी अंथरुणात भिंतीकडं तोंड करून पडून होत्या. ताप नव्हता. मी कपाळाला हात लावून बघितला होता.

ओडा अठराची झाली, तिला मुलगी झाली. निरोप आला तो तिच्याच शब्दांत: "या वेळी डोकं दुखलं तर दुखरं डोकं घेऊन या."

बाई निघाल्या. नावेत मला विचारत होत्या, "ती तिथं सुखात नसेल ना गं?" मला वाटलं, आईची काळजी.

ओडा खाटेवर बसली होती, गालांवर लाली, अंगानं भरलेली. "यावं बाईसाहेब," ती आमच्या बाईंना म्हणाली. मग दाराकडं वळून हाक मारली, "आई, पाहुण्यांना गरम बीअर आणता?" आणि गेर्बिर्गबाई तांब्या घेऊन आल्या.

बाई समोरच्या बाकावर बसल्या. मग सगळं एकदमच बोलल्या. "ओडा, माझ्या तोंडामुळं झालं हे. चर्चमध्ये मी नको ते बोलले, म्हणून तुला घर सुटलं."

"माहीत आहे. सगळ्या खोऱ्याला माहीत आहे."

गेर्बिर्गबाई तांब्या ठेवत म्हणाल्या, "मी तरी कुठं गप्प बसले? घरी जाऊन रडले, एकाचं दहा करून नवऱ्याला सांगितलं. हसून सोडलं असतं तर माझा टाम्मो आज असता."

आमच्या बाई त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसल्या. गेर्बिर्गबाईंनी दंड धरून त्यांना उठवलं आणि पुन्हा बाकावर बसवलं.

"तुम्ही दोघी एकमेकींना खुशाल माफ करा," ओडा म्हणाली. "मी वर्षभर रोज नदीवर जाऊन उभी राहायचे. ते कुणी माफ करायचं? आणि इम्मा, तबेल्यात पिल्लूच नव्हतं. एक म्हातारी घोडी होती."

मी बाळाचं पांघरूण सारखं करायला लागले.

"ही पोर मी कुठंही पाठवणार नाही. दोन्ही गढ्या जळाल्या तरी." एवढं बोलून तिनं ते बाळ बाईंच्या मांडीवर ठेवलं. "धरा. मान सांभाळा."

परत येताना बाई पाण्याकडं बघत म्हणाल्या, "इम्मे, ती रडत असावी असंच मला वाटत होतं. म्हणजे मी तिला घेऊन आले असते. पोटची पोर सुखात दिसली आणि मला वाईट वाटलं. केवढी पापी मी."

यानंतर बाई दर ईस्टरला आणि संत मार्टिनच्या सणाला जायला लागल्या. ओडा त्यांच्या पानात बदकाचा चांगला तुकडा वाढायची, त्यांचा अंगरखा शेकोटीपाशी वाळवायची. हाक मात्र "बाईसाहेब" हीच राहिली.

सात वर्षांनी हिवाळ्यात बाईंच्या छातीत कफ झाला. पाद्रीबाबा येऊन पापक्षमा देऊन गेले. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "त्यांचं काय जातंय माफ करायला. त्यांना कुठं पोर आहे."

ओडा आली, मुलीला घेऊन. तीन दिवस तिनं स्वतःच्या हातानं बाईंना सातूची पेज भरवली. बाईंनी नातीला जवळ बोलावलं, वय विचारलं.

"सात," पोरगी म्हणाली.

बाईंनी डोळे मिटून घेतले. मी ओडाला खुणावलं की हिला बाहेर ने. तिनं नेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गेल्या. पुरताना गेर्बिर्गबाई काठी टेकत आल्या आणि माती टाकून तशाच उभ्या राहिल्या.

आता मी ओडाकडं असते. तिनंच आणलं मला. शेकोटीजवळची जागा दिलीय, लोकरीची नवी शाल दिलीय. कधी आवाज चढवून बोलत नाही माझ्याशी. तेच मला जड जातं.