दोरा नसलेली मुळी

म्हसळ्यापलीकडच्या रानात ठमाबाई वीस वर्षं शतावरी खणत होती. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुळी दुधात उकळून द्यायची, आणि ती हिच्याच हातची हवी, असा साऱ्या पंचक्रोशीचा हट्ट. मुळी सोलली की मधला दोरा ओढून काढायचा. हे काम ती डोळे मिटूनही करी, आणि त्याचा तिला तोराही होता.

चौतीस सालच्या पौषात तिची सून राही बाळंत झाली. पहिली वाटी ठमाबाईनेच पाजली. संध्याकाळपासून ओकाऱ्या-जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी राही गेली. तान्ही पोर माणगावला आजोळी नेली. मुलगा अंबाजी आईच्या तोंडावर म्हणाला, की तुझ्या मुळीनंच तिला मारली. मुळी चांगली होती हे कुणी शहाण्याने सांगितलं, तरच पोर या घरात येईल.

ठमाबाईला हे जिव्हारी लागलं. त्या दिवशीच्या मुळ्यांपैकी एक अख्खी आणि एक अर्धी मडक्यात वाळून पडली होती. अर्धीचा दुसरा तुकडा राहीच्या वाटीत गेला होता. हरिहरेश्वरच्या वाडीवाल्यांचा विश्वंभर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मुळ्यांमधली द्रव्यं शोधायचं काम करी. तो गावी आला तेव्हा तिने पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली.

शिमग्याला तो परत आला आणि अंबाजी घरात नाही हे पाहूनच बोलला. अख्ख्या मुळीचं पाणी हलवलं, तर रिठ्यासारखा फेस आला, ती शतावरीच. अर्धीला फेस आला नाही. तिच्या अर्कावर तेजाबाचा थेंब टाकला, तर जांभळा रंग चढला. ते कळलावीचं विष होतं. कळलावीचा वेल दिवाळीनंतर वाळून जातो, कंद मात्र जमिनीत राहतो. शतावरीच्या जाळीत खणताना तोच हाताला लागला असणार. ऐकता ऐकता ठमाबाईला काहीतरी आठवलं.

"अंबाजीला सांगतो, काही सापडलं नाही म्हणून," विश्वंभर खाली बघत म्हणाला. "नात तरी घरी येईल."

नातीचं तोंड तिने तीनच दिवस पाहिलं होतं. पोर तिला इतकी हवी होती की नको म्हणायला जीभ उचलेना.

तेवढ्यात अंबाजी आला, लाकडांची मोळी दारात टाकून उभा राहिला. विश्वंभर तोंड उघडणार, तोच ती बोलली.

"त्या दिशी एका मुळीतनं दोरा निघाला न्हाय, अंबाजी. मी म्हटलं, कोवळी आसंल. पोरीला माणगावातच ऱ्हाऊ दे. माझ्या हातचं तिला नको."