बास्तियाँचं बॉयलर हाउस

समजा, तुम्हाला पाच लिटरच्या कुकरची शिट्टी बरोबर दर तीस सेकंदांनी वाजवायची आहे. एकोणतीस नाही, एकतीस नाही. तीही घरात नाही, तर आयर्लंडमधल्या मलिंगारबाहेरच्या एका कुरणात उभारलेल्या स्टेजवर, आठ हजार लोकांसमोर. शेगडी विजेची, वीज जनरेटरची, आणि वारा असा की टोपी डोक्यावर ठरत नाही. शेजारी एक फ्रेंच माणूस मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके पडणारं संगीत वाजवतोय. दर चौसष्टाव्या ठोक्याला तुमची शिट्टी आली नाही, तर सोमवारपासून तो टायर विकायला बसणार आहे. पाणी किती घ्याल? शेगडी कितीवर ठेवाल?

इंजिनिअरिंगची पदवी असली तरी जमणार नाही. बाळासाहेब मगदुमांना जमलं, आणि ते फक्त दहावी पास होते.

इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात बाळासाहेबांनी चौतीस गळीत हंगाम बॉयलर सांभाळला. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट. चौतीस हंगामांत सेफ्टी व्हॉल्व्हमधून एकदाही वाफ उडू दिली नाही. वाफ उडाली की साऱ्या कारखान्याला ऐकू जातं, आणि ज्याची पाळी असेल त्याने मान खाली घालून घरी जायचं. त्यामुळे घरात कुकर लागला की बाळासाहेब उठून अंगणात जात. उर्मिलाबाईंशी लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याने तिसरी शिट्टी कधी ऐकली नव्हती.

मुलगी कौमुदी मलिंगारमध्ये घरी बसून डब्लिनच्या कंपनीचं काम करते. तिच्याकडे दोघं सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा बाळासाहेबांची पंचाईत झाली. अंगणात सतत पाऊस. मग कुकर लागला की ते बाथरूममध्ये जाऊन पंखा लावून उभे राहत.

घर जुळं होतं. मधली भिंत पातळ, आणि भिंतीपलीकडे बास्तियाँ लॅक्रूआ राहत होता.

बाविसाव्या वर्षी बास्तियाँने केलेल्या एका ट्रॅकवर अख्खा युरोप एक उन्हाळाभर नाचला होता. तेव्हा पोस्टरवर त्याचं नाव सगळ्यात वर असे. पुढे ते दरवर्षी एकेक ओळ खाली घसरत गेलं. मधल्या काळात त्याने मलिंगारच्या हॉस्पिटलमधल्या एका नर्सशी लग्न केलं आणि इथेच राहिला. यंदा मलिंगारच्या संगीत महोत्सवाच्या पोस्टरवर त्याच्या नावाखाली फक्त गाड्या कुठे लावायच्या तेवढं लिहिलेलं होतं. वेळ दुपारी तीनची. "एवढं शेवटचं," बायको म्हणाली होती, "नाही जमलं तर डॅडींच्या टायरच्या दुकानात माणूस हवाच आहे."

एका सकाळी त्याने दार वाजवलं. कौमुदीला वाटलं, तक्रार आली.

"सॉरी, आम्ही आवाज कमी करू."

"नको, नको! मला फक्त सांगा," तो म्हणाला, "कुठलं मशीन आहे?"

कौमुदीने कुकर दाखवला. बास्तियाँ त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. अशी चिरत जाणारी, वर चढणारी शिट्टी तो दोन वर्षं कॉम्प्युटरवर बनवायला बघत होता. दुसऱ्याच दिवशी त्याने नवा कुकर मागवला आणि गळ्यापर्यंत तूरडाळ भरून शेगडीवर चढवला. संध्याकाळी शेजारधर्म म्हणून बाळासाहेब कौमुदीबरोबर बघायला गेले, तर डाळ छताला.

त्यांनी छताकडे पाहिलंही नाही. थेट इंग्रजीत विचारलं, "वॉटर लेव्हल?"

बास्तियाँला सांगता येईना. बाळासाहेब उखडले. "लेव्हल बघितल्याबिगर जाळ लावलास? आमच्यात असल्याला गेटाच्या आत घेत न्हाईत, बस्त्या!"

"अण्णा, त्याचं नाव बास्तियाँ आहे," कौमुदी म्हणाली.

"तेच म्हणालोय की!"

पण स्टेजवर शिट्टी वाजवून द्याल का, असं बास्तियाँने विचारताच ते ताडकन उठले. "चौतीस हंगाम वाफ उडू दिली न्हाई. आता म्हातारपणी लोकांसमोर उडवू?"

घरी उर्मिलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "अहो, शिट्टी म्हंजे तुमचा सेफ्टी व्हॉल्व्ह न्हवं. सेफ्टी झाकणावर निराळी असती. ती कधी उडलीया का आपल्या घरात? चाळीस वर्षं तुमी अंगणात पळताय आणि मी म्हणतीया, पळू द्या, तेवढीच जागा मोकळी हुती."

बाळासाहेबांनी उठून झाकण हातात घेतलं. वर शिट्टीचं वजन. बाजूला सेफ्टीची बारीक चकती. दोन्ही त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "बस्त्याला बोलीव."

त्यांच्या अटी कौमुदीने इंग्रजीत लिहून दिल्या. बॉयलरमध्ये फक्त पाणी, तीन लिटर. डाळ चालणार नाही. दर शिट्टीची नोंद लॉगबुकात. वाफ जास्त लागणार असेल तर आधी कळवायचं, न कळवता लोड टाकायचा नाही. बॉयलर गार होऊन चार्ज दुसऱ्याला दिल्याशिवाय अटेंडंट जागा सोडणार नाही. आणि सुरू करण्यापूर्वी अग्निप्रदीपन होईल.

"अग्निप्रदीपन म्हणजे?" बास्तियाँने विचारलं.

"नारळ आण," बाळासाहेब म्हणाले.

तीन आठवडे सराव झाला. पहिले आठ दिवस शिट्टी झाली की बाळासाहेबांचा हात आपोआप शेगडीच्या बटणाकडे जायचा. मग ती सवयही गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी सुरक्षा तपासणारी बाई पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन स्टेजवर आली. प्रेशरखाली चालणारं भांडं आहे, चालवणाऱ्याकडे काही प्रमाणपत्र आहे का? बाळासाहेबांनी पिशवीतून प्लास्टिकचं आवरण चढवलेला दाखला काढला. निवृत्त झाल्यापासून तो कुणी मागितलाच नव्हता. बाईने शिक्का पाहिला, फोटो पाहिला, समोरचा माणूस पाहिला आणि मान डोलावून म्हणाली, "ग्रँड."

"मला वाटलं न्हवतं, हितं एवढी शिस्त असंल," ते कौमुदीला म्हणाले.

मग कुकरला हळद-कुंकू लागलं. प्रमुख पाहुणे म्हणून बास्तियाँच्या टायरवाल्या सासऱ्यांना बोलावलं होतं. त्यांनी नारळ तिसऱ्या फटक्यात फोडला. लोकांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या बारा शिट्ट्या ठोक्यावर आल्या. चौथीपासून लोक हात वर करून वाट बघायला लागले. बाळासाहेब खुर्चीत ताठ बसून प्रत्येक वेळी घड्याळ बघत होते आणि पेन्सिलीने लिहीत होते. बास्तियाँच्या अंगात आलं. इतके हात त्याने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. तेराव्या शिट्टीच्या आधी त्याने न कळवता बासचा घुमणारा आवाज पूर्ण उघडला. जमीन हादरली, जनरेटर दमला, आणि शेगडीचा लाल गोल काळा पडला.

चौसष्टावा ठोका आला आणि गेला. शिट्टी नाही.

बास्तियाँने वळून पाहिलं. बाळासाहेबांनी दोन बोटं वर केली. कारखान्यात याचा अर्थ, मिल थांबवा. तीन आठवड्यांत त्याला एवढं मराठी आलं होतं. समोर आठ हजार लोक, पहिल्या रांगेत सासरे. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं बंद केलं.

कुरणात शांतता पसरली. कुठेतरी गाय हंबरली. आठ हजार माणसं हात वर करून एका कुकरकडे बघत उभी होती. शेगडी परत हळूहळू लाल झाली. पाच सेकंद. सात. उर्मिलाबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या, "येतीया!"

नवव्या सेकंदाला शिट्टी झाली.

त्यानंतर जे झालं त्याचे व्हिडिओ लोकांनी एवढे पाहिले, की सोमवारी बास्तियाँ टायरच्या दुकानात गेला तो फक्त सासऱ्यांच्या गिऱ्हाइकांबरोबर फोटो काढायला. अकरा ठिकाणची आमंत्रणं आली. सगळ्यांना ते नऊ सेकंद हवे होते.

बाळासाहेबांना यातलं त्या दिवशी काहीच कळलं नाही, कारण ते अजून स्टेजवरच होते. बास्तियाँचा अर्धा तास संपला, कॉर्क शहरातली चार गिटारवाली पोरं ड्रमवाल्यासह आली, व्यवस्थापकाने आधी विनंती केली, मग हात जोडले. बाळासाहेब हलले नाहीत. प्रेशर उतरलेलं नव्हतं. "चमच्यानं शिट्टी उचलून काढू का?" असं उर्मिलाबाईंनी खालून विचारलं, तेव्हा त्यांनी कुकरसमोर हात आडवा धरला. गिटारवाल्यांनी तीन गाणी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाजवली. चौथ्या गाण्याला झाकण सुटलं. बाळासाहेबांनी पाणी मोजलं, लॉगबुक पुढे केलं, आणि ड्रमवाल्याची चार्ज घेतल्याची सही घेऊनच खाली उतरले.

आता परतीच्या विमानाला तीन आठवडे राहिलेत. बास्तियाँ रोज सकाळी लॉगबुक काखेत मारून येतो आणि स्वयंपाकघरात उमेदवारी करतो. पाण्याची लेव्हल बघितल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. शिट्टी झाली की बाळासाहेब आता तिथेच बसून असतात, तिसरीही ऐकतात.

फक्त लॉगबुकाचं ते पान त्यांनी अजून बंद केलेलं नाही. रकाने त्यांनी सवयीने कारखान्यासारखेच आखले होते. वेळ भरली आहे. पाणी भरलं आहे: दीड लिटर खर्च. शिट्ट्या एकोणसाठ. शेरा: तेरावी नऊ सेकंद उशिरा, कारण लोड न कळवता टाकला. शेवटचा रकाना पोत्यांचा. पाळी संपली की किती पोती साखर निघाली ते तिथे लिहायचं असतं, आणि तो रकाना चौतीस हंगामांत कधी कोरा राहिलेला नाही.

परवा त्यांनी पेन्सिल बास्तियाँच्या हातात दिली. त्याने कोरा रकाना बघितला आणि पेन्सिल परत केली.

"बाकी सगळं जुळतंय, कौमुदी," बाळासाहेब म्हणाले, "त्याला नीट इचार. जाळ लावला, वाफ झाली, आठ हजार माणसं घामाघूम झाली. पण माल काय निघाला?"